‘शरीरशुद्धी’च्या कल्पनेचे एक परीक्षण

१

आरोग्यविषयक मराठी लेखनात गेल्या काही वर्षांत ‘डिटॉक्स’ या शब्दाने मोठे स्थान मिळविले आहे. कोणी त्यास ‘शरीरशुद्धी’ म्हणतात, कोणी ‘निर्विषीकरण’, तर कोणी ‘विषद्रव्यांचा निचरा’. नावे भिन्न असली तरी या लेखनाची घडण बहुतांशी एकच असते. आपले अन्न, पाणी आणि हवा दूषित झाली आहे, या प्रतिपादनाने लेखाचा आरंभ होतो. ही द्रव्ये देहात साचत राहतात आणि थकवा, डोकेदुखी, त्वचाविकार, निद्रानाश इत्यादी तक्रारी त्यांतूनच उद्भवतात, असे मध्यभागी सांगितले जाते. आणि अमुक दिवसांचा उपवास, अमुक काढा अथवा अमुक रस घेतल्याने देह निर्मळ होतो, या आश्वासनाने लेख संपतो. प्रस्तुत लेखात या वाङ्मयाचे, आणि विशेषतः त्याच्या मुळाशी असलेल्या कल्पनेचे, परीक्षण करावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. या कल्पनेची केवळ टवाळी करणे हा येथील उद्देश नाही. टवाळी करणारे लेखनही पुष्कळ झाले आहे आणि तेही प्रस्तुत लेखकास अपुरेच वाटते. वरील घडणीत तीन स्वतंत्र विधाने आहेत : देहात बाहेरून विषद्रव्ये येतात व त्यांतील काही साचतात, हे पहिले, देहाला ती स्वतःच्या सामर्थ्याने काढून टाकता येत नाहीत, हे दुसरे, आणि काही दिवसांच्या विशिष्ट आचाराने ती काढता येतात, हे तिसरे. यांपैकी पहिले विधान खरे आहे. दुसरे काही द्रव्यांपुरते खरे व बहुसंख्य द्रव्यांपुरते खोटे आहे. तिसऱ्यास, ते ज्या सरसकट रूपात मांडले जाते त्या रूपात, पुरावा नाही. असे असूनही वाचकाला तिन्ही सारख्याच बळाची वाटतात, कारण पहिल्या विधानाचे सत्य तिसऱ्यास उसने दिलेले असते. या वाङ्मयाचा मुख्य दोष हा उसनवारीचा आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि तो केवळ तर्कदोष नसून त्याचे परिणाम सामाजिकही आहेत, हे पुढे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘विष’ हा शब्द व्युत्पत्तिकार ‘व्यापणे’ या अर्थाच्या ‘विष्’ धातूपासून साधतात. जे देहाला व्यापते ते विष. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मात्र निराळी उपपत्ती कथारूपाने दिली आहे : समुद्रमंथनातून निघालेल्या उग्र पुरुषाला पाहून जग विषण्ण झाले, म्हणून त्यास विष म्हणू लागले. पहिल्या उपपत्तीत द्रव्याचा गुण आहे, दुसरीत पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे. आजच्या शरीरशुद्धीच्या वाङ्मयात या दुसऱ्या अर्थाचेच प्राबल्य आहे, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. कारण त्यातील ‘विष’ बहुधा निनावी असते, आणि त्याचा निश्चित पत्ता लागतो तो केवळ वाचकाच्या मनातील भयापाशी.

इंग्रजी ‘टॉक्सिन’ शब्दाचे मूळ धनुष्याच्या ग्रीक नावात आहे. बाणाच्या टोकाला लावण्याचे विष हा त्याचा पूर्वार्थ. शास्त्रीय परिभाषेत आज तो सजीवांनी निर्माण केलेल्या विषापुरता मर्यादित आहे. धनुर्वाताच्या जंतूचे विष हे टॉक्सिन होय. शिसे अथवा कीटकनाशक हे काटेकोर अर्थाने टॉक्सिन नव्हे. लौकिक भाषेत असा भेद पाळला जात नाही व तो पाळलाच पाहिजे असा आग्रहही नाही. परंतु जेव्हा एकाच शब्दाखाली शिसे, शिळे अन्न, मैदा, मद्य, आतड्यातील मळ आणि मनाचा ताण ही सारी येऊन बसतात, तेव्हा तो शब्द विचाराचे साधन राहत नाही.

याहून गंभीर घोटाळा आयुर्वेदीय परिभाषेच्या वापरात झालेला आढळतो. ‘आम’ म्हणजेच ‘टॉक्सिन’, हे समीकरण आता इतके रुळले आहे की त्याची कोणी चौकशीही करीत नाही. वस्तुतः वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आमाची कल्पना अग्नीशी निगडित आहे. अग्नी मंद झाल्यामुळे ज्याचा पाक पुरा झाला नाही असा दूषित आहाररस म्हणजे आम. ते बाहेरून आलेले द्रव्य नव्हे. एका प्रक्रियेच्या अपुरेपणाचे ते फळ आहे. उलट, बाहेरून आलेल्या व देहात दीर्घकाळ राहणाऱ्या विषासाठी प्राचीनांनी एक स्वतंत्र संज्ञा योजिली होती. ती ‘दूषीविष’ ही होय. सुश्रुताने कल्पस्थानात तिचे वर्णन केले आहे. जे विष जुने झाले आहे, अथवा औषधांनी ज्याचा वेग मोडला आहे, ते तत्काळ मारीत नाही. कफाने वेढलेले असे ते वर्षानुवर्षे देहात राहते आणि देश, काल, अन्न, दिवास्वाप इत्यादी कारणे मिळाली की धातूंना पुनःपुन्हा दूषित करते. आधुनिक विषशास्त्र ज्यास संचयी विष म्हणते त्याच्याशी ही कल्पना ताडून पाहण्याचा मोह होतो. तसे करताना सावधगिरी हवी, कारण दोन्हींच्या देहविषयक धारणा भिन्न आहेत. परंतु साम्य शोधावयाचेच असेल तर ते आमात नव्हे, दूषीविषात शोधावे लागेल.

मग आजच्या लेखकांनी दूषीविष सोडून आमच का उचलले? आमच्या मते याचे कारण सोयीत आहे. दूषीविष म्हटले की कोणते विष, ते केव्हा व कोठून आले, हे प्रश्न ओघानेच येतात. अगदतंत्र हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक स्वतंत्र अंग असून विषाची ओळख पटविणे हे त्याचे पहिले काम आहे. आमाला असे नाव-गाव लागत नाही. ते कोणाच्याही पोटी असू शकते, आणि म्हणून प्रत्येक वाचक हा संभाव्य रुग्ण ठरतो.

शोधनाच्या बाबतीतही असेच झाले आहे. चरकाच्या परंपरेत वमन, विरेचन, निरूह, अनुवासन व नस्य ही पाच कर्मे आहेत. सुश्रुताच्या परंपरेने रक्तमोक्षणास महत्त्वाचे स्थान दिले. या कर्मांपूर्वी स्नेहन व स्वेदन, नंतर पेयादी संसर्जनक्रम, प्रत्येकाचा ऋतू, आणि कोणास कोणते कर्म करू नये याच्या लांबलचक याद्या, असा हा सारा व्याप आहे. त्याहीपेक्षा लक्षणीय आहे तो वाग्भटाचा इशारा. साम दोष सर्व देहात पसरलेले व धातूंत लीन झालेले असताना ते बळाने बाहेर काढू नयेत. कच्च्या फळातून रस पिळून काढू गेल्यास रस तर निघत नाहीच, फळाचा मात्र नाश होतो, असा दृष्टान्त तो देतो. ज्या ग्रंथांच्या आधारावर सरसकट शुद्धीचा पुरस्कार केला जातो, ते ग्रंथच सरसकट शुद्धीविरुद्ध साक्ष देतात, ही गोष्ट आमच्या आरोग्यवाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावयास हवी.

३

तर मग आजच्या ‘डिटॉक्स’चे कूळ कोणते? ते चरकापेक्षा एकोणिसाव्या शतकातील युरोपात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. लाइपझिगच्या लुई कूने याने सर्व रोगांचे कारण एकच, ते म्हणजे देहात साचलेले ‘विजातीय द्रव्य’, असा सिद्धान्त मांडला आणि कटिस्नान व साधा आहार ही त्यावरील सर्वसामान्य चिकित्सा म्हणून सांगितली. त्याच सुमारास, १८८७ मध्ये, पॅरिसचे शार्ल बुशार यांची ‘आत्मविषबाधे’वरील व्याख्याने प्रसिद्ध झाली. आतड्यातील मळ कुजून त्याची विषे रक्तात शिरतात, हा त्यांचा आशय. या मताचा प्रभाव एवढा झाला की लंडनचे नामांकित शल्यविशारद आरबथनॉट लेन हे बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. विद्वत्तेची प्रतिष्ठा लाभलेली कल्पना चुकली तर तिचे मोल रुग्णाच्या देहाला द्यावे लागते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

या मताचे खंडन १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ यांनी केले. त्यांचा युक्तिवाद साधा पण निर्णायक होता. बद्धकोष्ठाने येणारी डोकेदुखी व जडपणा मलविसर्जनानंतर जवळजवळ तत्काळ नाहीसा होतो. ही लक्षणे रक्तात शिरलेल्या विषाने उद्भवली असती तर ते विष रक्तातून जाण्यास काही काळ लागला असता. अर्थात त्यांचे कारण विष नसून आतड्याच्या शेवटच्या भागावर पडणारा ताण हे होय. वैद्यकाने आत्मविषबाधेची कल्पना यानंतर हळूहळू सोडून दिली; लोकप्रिय वाङ्मयाने मात्र ती सोडली नाही.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध निसर्गोपचाराच्या द्वारे येतो. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना कूने आणि अडोल्फ युस्ट यांचे ग्रंथ वाचले व त्यांतील उपचार स्वतःवर करून पाहिले. आरोग्यविषयक त्यांचे प्रौढ विचार ज्या पुस्तकात आले आहेत ते त्यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना लिहिले. आणि १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. कूनेचा एककारणवाद आज ग्राह्य धरता येत नाही हे उघड आहे. तरीही गांधीजींच्या निसर्गोपचारास आजच्या डिटॉक्सच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि हवा ही त्या चिकित्सेची साधने होती. ती विकत घ्यावी लागत नव्हती, आणि वैयक्तिक आहाराइतकाच गावाच्या स्वच्छतेचा आग्रह तिच्यामागे होता. पुढच्या काळात या विचारातील शुद्धीची भाषा उरली, गावाची स्वच्छता गळून पडली. आणि जी गोष्ट फुकट होती ती बाटलीत भरून विकली जाऊ लागली.

४

आता दुसऱ्या व तिसऱ्या विधानाची शरीरशास्त्राच्या दृष्टीने तपासणी करू. यकृत व मूत्रपिंड ही देहाची निचऱ्याची मुख्य इंद्रिये होत. फुप्फुसे व आतडी त्यांना साहाय्य करतात. स्निग्धद्रव्यात विरघळणारे परके रसायन मूत्रावाटे सहज जात नाही. म्हणून यकृतातील विकरे प्रथम त्यात रासायनिक बदल घडवितात व नंतर त्यास दुसरा एखादा रेणू जोडून ते पाण्यात विरघळेल असे करतात. या क्रियेलाच पूर्वी ‘निर्विषीकरण’ असे नाव होते, आर. टी. विल्यम्स यांच्या १९४७ मधील प्रसिद्ध ग्रंथाचे शीर्षकही तेच आहे. परंतु संशोधकांनी पुढे ‘जैवरूपांतरण’ हा शब्द अधिक पसंत केला, आणि त्यास सबळ कारण होते. यकृताने केलेला बदल नेहमीच विष कमी करतो असे नाही. मिथिल अल्कोहोल स्वतः फारसे घातक नसते. देहात त्याचे फॉर्मिक आम्ल झाले म्हणजे दृष्टी जाते व प्राणही जातात. पॅरासिटामॉल अतिरिक्त मात्रेत घेतले असता यकृताचा नाश करते ते यकृतातच बनलेल्या एका उपपदार्थामुळे. म्हणून ‘यकृताचे कार्य वाढविणारा काढा’ या आश्वासनात मुळातच अर्थाची संदिग्धता आहे. कोणते कार्य, कोणत्या द्रव्यावरील, आणि ते वाढणे हिताचे आहे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेथे मिळत नाहीत.

काही द्रव्ये देहात साचतात हे मात्र निर्विवाद आहे. रक्तातील शिसे सुमारे महिन्याभरात निम्मे होते, पण हाडांत बसलेले शिसे दशकानुदशके तेथे राहते. मत्स्याहारातून येणारा सेंद्रिय पारा निम्मा होण्यास दीड-दोन महिने लागतात. डीडीटीपासून देहात बनणारे द्रव्य चरबीत अनेक वर्षे टिकते. न चिकटणाऱ्या भांड्यांशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या फ्लोरिनयुक्त रसायनांपैकी काही कित्येक वर्षे रक्तात राहतात. हे आकडे एकदा समोर ठेवले म्हणजे सात दिवसांच्या शुद्धीचे स्वरूप आपोआप स्पष्ट होते. किंबहुना कडक उपवासाने वजन झपाट्याने घटते तेव्हा चरबीत साठलेली क्लोरिनयुक्त द्रव्ये रक्तात उतरतात आणि तेथील त्यांची पातळी काही काळ वाढते, असे आढळून आले आहे. निचरा करू म्हणणाऱ्या उपायाने विष तळघरातून माजघरात आणावे, अशातलाच हा प्रकार होय.

साचलेले विष काढताच येत नाही काय? काही प्रसंगी येते, आणि ते कसे येते हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातील होपवेल येथे ‘केपोन’ नावाचे कीटकनाशक बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांना १९७५ मध्ये कंपवात व इतर विकार झाल्याचे उघडकीस आले. हे द्रव्य पित्तावाटे आतड्यात येते व तेथून पुन्हा शोषले जाते, असे संशोधकांना दिसून आले. त्यांनी आतड्यात त्यास धरून ठेवणारे कोलेस्टिरामिन हे औषध देऊन पाहिले. आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते द्रव्य देहातून निम्मे होण्याचा काळ जवळजवळ निम्म्यावर आला. शिशाची तीव्र बाधा झालेल्या मुलांना धातूला बांधून मूत्रावाटे नेणारी औषधे दिली जातात, तेथेही हीच रीत आहे. विषाचे नाव माहीत आहे, त्याचा देहातील मार्ग माहीत आहे, आणि उपचारापूर्वी व उपचारानंतर त्याचे मापन झाले आहे. खऱ्या निर्विषीकरणाच्या या तीन कसोट्या होत.

बाजारातील शुद्धीचे उपाय या कसोट्यांस उतरतात काय? इंग्लंडमध्ये २००९ साली काही तरुण शास्त्रज्ञांनी ‘डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या १५ वस्तूंच्या उत्पादकांकडे चौकशी केली, तेव्हा कोणते विष निघून जाते याचे पुराव्यासह उत्तर कोणालाही देता आले नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सक आढाव्यात, बाजारातील अशा आहारक्रमांची मानवांवर एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी झालेली आढळली नाही, असे नमूद आहे. मग पुष्कळांना अशा आहारानंतर बरे वाटते ते का? मद्य, तळलेले पदार्थ व जागरण आठवडाभर टाळले तर कोणालाही बरे वाटेल. अनुभव खरा आहे. त्याचे दिलेले कारण तेवढे खोटे आहे.

एका विपरीत घटनेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय औषधांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत बॉस्टन परिसरातून घेतलेल्या ७० औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा सोमल आढळला. २००८ मधील दुसऱ्या अभ्यासात १९३ औषधांपैकी सुमारे एकपंचमांशांत या धातू सापडल्या. रसशास्त्रात ‘शोधन’ हा शब्द औषधद्रव्याच्या संस्कारास लावतात, आणि तो संस्कार सर्वस्वी निरर्थक नाही. बचनाग दुधात वा गोमूत्रात उकळल्याने त्यातील जहाल द्रव्याचे विघटन होते, हे रसायनशास्त्रासही मान्य आहे. परंतु शिसे हे मूलद्रव्य आहे. कोणत्याही उकळण्याने व जाळण्याने त्याचे दुसरे काही होत नाही. देह शुद्ध करावा म्हणून घेतलेले औषधच विषाचा उगम ठरू शकते, ही शक्यता शुद्धीच्या वाङ्मयात कोठेही विचारात घेतलेली दिसत नाही.

५

आतापर्यंतचे विवेचन वाचून एखादा वाचक म्हणेल, की मग हे सारे विषभय निराधारच आहे. विज्ञाननिष्ठ म्हणविणाऱ्या टीकाकारांचा पवित्रा बहुधा असाच असतो. ‘मात्रेनेच विष ठरते’ हे पॅरासेल्ससचे १५३८ मधील तत्त्व ते उद्धृत करतात आणि अल्पमात्रेची चिंता करणाऱ्यास अडाणी ठरवितात. तत्त्व खरे आहे. परंतु अपायकारक मात्रा कोणती हे ज्ञान स्थिर नसते, हे ते विसरतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे असले तरी ते काळजीचे मानीत नसत. ही मर्यादा १९९१ मध्ये १० वर आली, २०१२ मध्ये ५ वर, आणि २०२१ मध्ये ३.५ वर. शिशाची सुरक्षित अशी पातळीच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांनी १९६५ साली निर्धास्त राहा म्हणून सांगितले, ते त्या काळच्या ज्ञानाला धरून बोलत होते. आणि तरीही ते चुकले. सामान्य माणसाच्या संशयात अशा रीतीने सत्याचा मोठा अंश असतो. त्याची चूक संशयात नाही, त्याला दाखविलेल्या उपायात आहे.

खरा उपाय कोणता, हे शिशाच्याच इतिहासावरून दिसते. अमेरिकेत एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या रक्तातील शिशाची सरासरी १९७६ ते १९८० या काळात सुमारे १५ मायक्रोग्रॅम होती. १९८८ ते १९९१ या काळात ती सुमारे ३.६ वर आली. ही किमया कोणत्याही काढ्याने केली नाही. पेट्रोलमधून व अन्नाच्या डब्यांच्या सांध्यांतून शिसे काढले गेले, त्याचा हा परिणाम. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. घरगुती रंगातील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली व ती पुढच्या वर्षी अमलात आली.

याहूनही आपल्या स्वयंपाकघराला जवळचे उदाहरण बांगलादेशातील हळदीचे आहे. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना शिशाच्या क्रोमेटची पूड चोळण्याची प्रथा तेथे पडली होती. गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळले. त्याचा माग काढता काढता संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध होताच तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारात तपासण्या केल्या, दोषी व्यापाऱ्यांना दंड झाले, वृत्तपत्रांतून व भित्तिपत्रकांतून लोकांना माहिती दिली गेली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही, आणि हळदीच्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी घटले. येथे विडंबन असे की, हळदीचे दूध हा शरीरशुद्धीचा एक लोकप्रिय उपाय आहे. ती हळद कोठून आली, हे न विचारता ते पिणाऱ्याने शुद्धीच्या नावाखाली काय प्राशन केले असेल, याची कल्पना करावी.

घरच्या पातळीवर करण्याजोग्या गोष्टी आहेत व त्या साध्या आहेत. जुन्या रंगाच्या भिंतींची धूळ झाडूने उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. लहान मुलांचे हात जेवणापूर्वी धुवावेत. भाजी वाहत्या पाण्याखाली धुतल्याने वरवरचा कीटकनाशकांचा अंश पुष्कळसा जातो, पेशींत मुरलेला जात नाही. जेथे तांदळात सोमल अधिक असतो तेथे भात भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून दिल्यास तो कमी होतो. अर्थात पाणीच सोमलयुक्त असेल तर नव्हे. बंद खोलीत मच्छर अगरबत्ती रात्रभर जाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, अशा एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. चुलीचा धूर हा याहून मोठा प्रश्न आहे. या यादीतील बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही.

६

परंतु व्यक्तीने घरात काय करावे यापाशी विवेचन थांबविले तर आम्हीही त्याच वाङ्मयाच्या चाकोरीत अडकू. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विषद्रव्यांचा संपर्क म्हणजे काय, हे महाराष्ट्रात त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल. शरीरशुद्धीच्या वाङ्मयात त्यांना स्थान नाही. त्या वाङ्मयाचा वाचक नगरवासी आहे; विष त्याला भाजीच्या देठावरील अंशाच्या रूपाने भेटते. तोच पदार्थ पाठीवरच्या पंपातून गळून ज्याच्या अंगाला भिजवितो, त्याच्यासाठी कोणत्याही हिरव्या रसाचा उपयोग नाही. त्याला हवे आहेत कमी घातक पदार्थ, उन्हातही अंगावर ठेवता येईल असा संरक्षक पोशाख, विक्रेत्याचे उत्तरदायित्व, आणि जवळच्या रुग्णालयात वेळेवर मिळणारा उतारा.

यावर असा आक्षेप येऊ शकेल, की वैयक्तिक शुद्धी व सामाजिक प्रतिबंध यांत विरोध मानण्याचे कारण नाही. माणसाने दोन्ही करावे. तत्त्वतः हे मान्य आहे. परंतु व्यवहारात एका गोष्टीवरील श्रद्धा दुसरीची निकड कमी करते. ज्याला वाटते की साचलेले विष दर तीन महिन्यांनी काढून टाकता येते, त्याला ते मुळात कोणी व का सोडले हे विचारण्याची गरज राहत नाही. शुद्धीची कल्पना विषाला आपल्या देहाचा दोष बनविते. प्रतिबंधाची कल्पना त्याला कोणाच्या तरी कृतीचे फळ मानते. आम्ही प्रारंभी ज्यास उसनवारी म्हटले तिचा सामाजिक परिणाम तो हाच.

विशेष असे की, या विचारासाठी आपल्याला परक्या परंपरेकडे जावे लागत नाही. सुश्रुताने उत्तरतंत्रात चिकित्सेचे सार थोडक्यात सांगताना जी गोष्ट प्रथम सांगितली ती शोधन नव्हे. ती ‘निदानपरिवर्जन’ होय, म्हणजे रोगाचे जे कारण तेच टाळणे. पेट्रोलमधून शिसे काढणे हे निदानपरिवर्जन आहे. हळदीच्या बाजारावर घातलेली धाडही निदानपरिवर्जनच आहे. प्राचीनांच्या डोळ्यांसमोर हे कारण बहुधा व्यक्तीच्या आहार-विहारात होते व ते टाळणे तिच्या हाती होते. आज ते पुष्कळदा कारखान्यात, बाजारात आणि कायद्याच्या अंमलबजावणीतील ढिलाईत असते. म्हणून निदानपरिवर्जनाचा अर्थ व्यक्तीकडून समाजाकडे विस्तारणे हे आजच्या अभ्यासकाचे काम आहे.

आरोग्यविषयक मराठी लेखनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी शुद्धीचा पुरस्कार करणारे कोणतेही पुस्तक हाती घेताना चार प्रश्न विचारावेत, अशी सूचना करून हे परीक्षण संपवितो. ज्या विषाविषयी लेखक बोलतो त्याचे नाव त्याने सांगितले आहे काय? ते देहात किती आहे व किती उरले, हे मोजण्याची रीत त्याने दिली आहे काय? ते कोठून आले हे त्याने शोधले आहे काय? आणि ते थांबविणे कोणाच्या हाती आहे, याचा उच्चार त्याने केला आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांनी ग्रंथाची शास्त्रीयता कळेल. उरलेल्या दोहोंवरून तो कोणाच्या हितासाठी लिहिला गेला हे कळेल. आणि साहित्याच्या अभ्यासकाला विज्ञानाची विशेष दीक्षा नसली तरी हे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला निश्चित आहे.